लाभ, दोन, तीन

हर्णैच्या लिलावात मासळी मोजताना
पहिल्याला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात.
मीही तशीच मोजायची.
बोट बंदरात असली, हे घरी असले,
आणि मध्यरात्री घोरणं मध्येच तुटलं, की
लाभ, दोन, तीन...
अठरा, एकोणीस.
पोर कूस बदलायचं.
सासूबाई अंधारात विचारायच्या, "आला का?"
जसा कोणी समुद्रावरून यायचा राहिलाय.
सव्विसाव्याला यायचा श्वास,
खरखरत, धापा टाकत,
पाण्याखालून डोकं वर काढल्यासारखा.

आमची भिंत म्हणजे पत्रा.
पलीकडची चंद्री सकाळी नळावर म्हणायची,
"काल तुमचं इंजिन तीनदा बंद पडलं!"
सगळ्या हसायच्या.
मीही हसायची, कळशी भरेपर्यंत.

बोटीवर कोणी हसलं नाही.
सुकाणूवर ह्यांचा डोळा लागला,
बोट दुसऱ्याच्या डोलीवर गेली, पंख्यात जाळं.
चोगलेशेठ म्हणाले, "हरेश्वर, घरी झोपतोस की नाही?"
"झोपतो की. आठ तास."
खोटं नव्हतं ते.
त्या आठ तासांत किती वेळा परत यावं लागतं
ते ह्यांना तरी कुठे ठाऊक?
आता बर्फाच्या कारखान्यात रात्रपाळी.
पगार निम्मा.
आणि वाडीत नाव पडलं, झोपाळू.

मी शेठच्याच बंगल्यावर जाते, सकाळी सातला.
त्यांच्या उशाशी पांढरी पेटी आहे,
पेटीला सोंडेसारखी नळी, टोकाला मुखवटा.
तो मी कोमट पाण्यात धुते, सावलीत वाळत घालते.
तीन वर्षं धुतेय.
वाटायचं, दम्याचं असेल काही.
एकदा वहिनींना विचारलं.
"अगं, झोपेत श्वास अडकायचा ह्यांचा.
गाडी चालवताना पेंगायचे.
पुण्याला दाखवलं, ही पेटी आणली,
आता बघ, कसे ताजे उठतात."

नळी माझ्या हातातून सुटली.
"काय झालं गं?"
"काही नाही वहिनी. साबण."

दापोलीच्या डॉक्टरांनी ह्यांच्या मानेला टेप लावली,
शिंप्यासारखी, आणि आकडा बघून गप्प झाले.
मग म्हणाले, वजन उतरवा,
भात कमी, रात्रपाळी नको, घोट नको,
आणि पुण्याला एक रात्र झोपून या, मशीन लावून.
भात कमी करायचा तर ताटात दुसरं काय?
सुरमई लिलावाला जाते, रस्सा आमच्याकडे राहतो.
एका रात्रीच्या झोपेचे आठ हजार.
पेटीचे निराळे.
खिडकीवरच्या मुलीने यादी दोनदा चाळली,
म्हणाली, "झोप सापडत नाही हो यात."
बाहेर आल्यावर हे इतके हसले
की कंपाउंडर बघायला आला.
"झोपलो म्हणून कामावरून काढलं,
आता झोपायचे पैसे मीच भरू?"
हसता हसता तिथल्याच बाकावर
बसल्या बसल्या डोळा लागला.

डॉक्टर एक गोष्ट सांगून गेले,
उताणं झोपू देऊ नका.
तेवढी फुकट होती, तेवढी घरी आणली.
जुन्या बनियनच्या पाठीत खिसा शिवला,
आत जाळ्याचा पिवळा फ्लोट.
उताणे व्हायला गेले की टोचतो, वळतात,
झोपेतच मला शिव्या देतात.
सुट्टीच्या पहिल्या रात्री
श्वास अकराव्यालाच आला.
मी उठून उगीचच देवापाशी दिवा लावला,
मग तेल बघून मालवला.

पण सुट्टीची रात्र आठवड्यातून एक.
बाकीचे दिवस हे उजाडल्यावर आडवे होतात,
पत्रा तापायला लागतो तेव्हा.
बाहेर लिलावाचा कालवा,
मी बंगल्यावर, दुसऱ्याची नळी धुवत.
उशाशी सासूबाई बसतात, कोलीम निवडत, कान देऊन.
त्यांना आकडे विसापर्यंतच येतात.
विसानंतर त्या
पुन्हा लाभ म्हणतात.